हृद्‌रोहिणी उपमार्ग-कलमांवरील स्टेंट-उपचार

हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. त्या अरुंद झाल्यास अथवा बुजल्यास शरीरातील दुसऱ्या रक्तवाहिनीचा तुकडा जोडून अडथळ्याच्या पलीकडे रक्त नेण्याची जी शस्त्रक्रिया करतात, तीस उपमार्ग शस्त्रक्रिया किंवा रूढ भाषेत बायपास म्हणतात. जोडलेल्या तुकड्यास कलम ही संज्ञा आहे. काही वर्षांनी हे कलम अथवा मूळची रोहिणी पुन्हा अरुंद झाली, तर कॅथेटराच्या (लवचिक पोकळ नळीच्या) साहाय्याने तेथे धातूची जाळीदार नळी बसवून मार्ग खुला ठेवतात. ही जाळीदार नळी म्हणजे स्टेंट होय. चार्ल्स स्टेंट (१८०७–८५) या इंग्रज दंतवैद्याने दातांचे ठसे घेण्यासाठी जो पदार्थ तयार केला होता, त्यावरून हे नाव पडले असे मानतात.

उपमार्ग शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची छातीतील वेदना परतली, तर वैद्यापुढे तीन पर्याय असतात : केवळ औषधे देणे, छाती दुसऱ्यांदा उघडणे किंवा स्टेंट बसविणे. दुसऱ्या शस्त्रक्रियेत उरोस्थीमागे (छातीच्या मधल्या हाडामागे) जुने व्रणतंतू चिकटलेले असतात आणि हाड कापताना चालू असलेल्या कलमास इजा होण्याची भीती असते. शिवाय रुग्णाचे वयही वाढलेले असते. या कारणांमुळे तीतील मृत्यूचे प्रमाण पहिलीपेक्षा अधिक राहिले आहे. त्यामुळे स्टेंटाचा पर्याय प्रथमपासून आकर्षक ठरला. मात्र त्याचे फलित मूळ रोहिणीतील स्टेंटाइतके चांगले व टिकाऊ नसते, असे हळूहळू दिसून आले. असे का व्हावे आणि त्यावर कोणते उपाय योजले गेले, याचा वृत्तांत हृद्‌रोगचिकित्सेच्या इतिहासातील एक उद्बोधक प्रकरण आहे.

पूर्वपीठिका : रक्तवाहिन्या एकमेकींस टाक्यांनी जोडण्याचे तंत्र आलेक्सी कारेल (१८७३–१९४४) या फ्रेंच शास्त्रज्ञांनी विकसित केले. त्यांनी १९१० च्या सुमारास कुत्र्यावर हृद्‌रोहिणीचा उपमार्ग करून पाहिला. १९१२ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. मानवी हृदयावर मात्र अशी शस्त्रक्रिया करण्याची साधने तेव्हा नव्हती. कॅनडातील माँट्रिऑल येथे आर्थर व्हाइनबर्ग यांनी १९५० मध्ये छातीच्या आतील भिंतीवरून जाणारी आंतरवक्षीय रोहिणी सोडवून ती हृत्स्नायूत पुरण्याची शस्त्रक्रिया केली. हृत्स्नायूस अप्रत्यक्ष मार्गाने रक्त पुरविण्याचा असाच एक प्रयत्न मुंबईतही झाला. सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालय येथील प्र. कु. सेन (१९१५–८२) व त्यांचे सहकारी उदवाडिया, किनरे व परुळकर यांनी निलयातील (हृदयाच्या खालच्या कप्प्यातील) रक्त सुईने पाडलेल्या सूक्ष्म छिद्रांवाटे थेट स्नायूत पोहोचवता येते काय, याचा प्रायोगिक अभ्यास केला व तो १९६५ मध्ये प्रसिद्ध केला.

प्रत्यक्ष उपमार्गास दोन गोष्टी आवश्यक होत्या. हृदयाचे काम काही काळ स्वतःकडे घेणारे यंत्र ही पहिली. जॉन गिबन (१९०३–७३) यांनी फिलाडेल्फिया येथे ६ मे १९५३ रोजी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. अडथळ्याचे नेमके स्थान दाखविणारे चित्र ही दुसरी गोष्ट. क्लीव्हलँड येथे मेसन सोन्स (१९१८–८५) हे १९५८ मध्ये एका रुग्णाच्या महारोहिणीचे क्ष-किरण चित्रण करीत असता कॅथेटराचे टोक चुकून उजव्या हृद्‌रोहिणीत शिरले आणि रंजकद्रव्य थेट तीत गेले. हृदय क्षणभर थांबले, पण रुग्ण सावरला. इतके द्रव्य जाऊनही रुग्ण वाचतो, तर थोडे द्रव्य हेतुपुरस्सर सोडण्यास हरकत नाही, हे सोन्स यांनी ताडले व त्यातून हृद्‌रोहिणीचित्रण निर्माण झाले.

यानंतरच्या दशकात अनेक ठिकाणी प्रयत्न झाले. लेनिनग्राड येथे व्हसीली कोलेसॉव्ह (१९०४–९२) यांनी १९६४ मध्ये आंतरवक्षीय रोहिणी टाके घालून हृद्‌रोहिणीस जोडली. त्याच वर्षी ह्यूस्टन येथे गॅरेट, डेनिस व डबेकी यांनी पायातील नीलेचे (हृदयाकडे रक्त परत नेणाऱ्या वाहिनीचे) कलम वापरले परंतु त्याचा वृत्तांत १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. ही पद्धती सुव्यवस्थित करून तिचा प्रसार करण्याचे श्रेय रेने फाव्हालोरो (१९२३–२०००) या अर्जेंटिनी शस्त्रक्रियाविशारदांकडे जाते. त्यांनी मे १९६७ पासून क्लीव्हलँड येथे मांडी-पोटरीतील लांब सतही नीला वापरून या शस्त्रक्रिया केल्या. ही नीला सहज मिळते, पुरेशी लांब असते आणि काढून घेतल्याने पायाचे फारसे बिघडत नाही. त्यामुळे १९७० नंतर ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. भारतात मद्रास (सध्याचे चेन्नई) येथील पेरांबूर रेल्वे रुग्णालयात के. एम्. चेरियन यांनी ती १९७५ मध्ये केली.

नीला-कलमांचे भवितव्य : नीलेची भित्ती पातळ असते व तीतील रक्तदाब अगदी कमी असतो. तीच वाहिनी महारोहिणीस जोडली की, तिला दर ठोक्यागणिक रोहिणीचा दाब सोसावा लागतो. या बदलाचे परिणाम तीन टप्प्यांत दिसतात. पहिल्या महिन्यात मुख्यतः अंतर्क्लथन (वाहिनीत रक्ताची गाठ होणे) घडते. पुढे वर्षभरात आतील अस्तराखाली स्नायुपेशी व तंतू वाढून भित्ती जाड होते. त्यानंतरच्या काळात या जाड भित्तीत रोहिणीविलेपी विकार बळावतो [⟶ रोहिणी विलेपी विकार]. मूळ रोहिणीत हा विकार दशकानुदशके मुरत असतो, तर नीला-कलमात तो काही वर्षांतच फोफावतो. त्याचे लेपही निराळे असतात. ते लांबवर पसरलेले, मऊ व भुसभुशीत असून त्यांवरील तंतुमय आवरण पातळ असते अथवा नसतेच. स्टेंट-उपचाराचे पुढील सर्व प्रश्न या एका गुणधर्मातून उद्‌भवले.

या ऱ्हासाचे मोजमाप कॅनडातील फिट्सगिबन व त्यांचे सहकारी यांनी केले. पंचवीस वर्षांत शस्त्रक्रिया झालेल्या १,३८८ रुग्णांतील ५,०६५ कलमांचा त्यांचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आरंभी ८८ टक्के नीला-कलमे खुली होती. एका वर्षानंतर हे प्रमाण ८१ टक्के, पाच वर्षांनी ७५ टक्के आणि पंधरा वर्षांनंतर ५० टक्के आढळले. याउलट आंतरवक्षीय रोहिणीचे कलम दीर्घकाळ निर्दोष राहते. क्लीव्हलँड येथील लूप व सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की, हृदयाच्या पुढील भागाकडे जाणाऱ्या प्रमुख रोहिणीस असे कलम जोडलेल्या रुग्णांचे दहा वर्षांतील जीवितमान केवळ नीला-कलमे असलेल्यांपेक्षा चांगले असते. परंतु रोहिणी-कलमे मोजकी व उपमार्गांची गरज अधिक, म्हणून बहुतेक रुग्णांत एक रोहिणी-कलम व उरलेली नीला-कलमे असा मेळ घालण्याचा प्रघात पडला. त्यामुळे नीला-कलमांचा प्रश्न कायम राहिला.

फुगा आणि पहिले स्टेंट : छाती न उघडता अरुंद रोहिणी रुंद करण्याची कल्पना चार्ल्स डॉटर (१९२०–८५) यांची. त्यांनी १९६४ मध्ये पोर्टलंड येथे पायाच्या रोहिणीवर असा उपचार केला. आंद्रेआस ग्रुंट्सिग (१९३९–८५) यांनी कॅथेटराच्या टोकाशी फुगा बसविला व १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिक येथे जागृत रुग्णाच्या हृद्‌रोहिणीवर पहिले फुगा-विस्फारण केले. उपमार्ग झालेल्या रुग्णांवरही लवकरच ही पद्धती वापरण्यात येऊ लागली. कलम जेथे हृद्‌रोहिणीस जोडलेले असते त्या सांध्याजवळील अडथळ्यांवर तिचा गुण बरा येई. कलमाच्या मध्यभागी व महारोहिणीलगत मात्र पुनःसंकोचाचे (पुन्हा अरुंद होण्याचे) प्रमाण फार राहिले.

फुग्याने रुंदावलेली वाहिनी आतून आधार देऊन खुली ठेवणे, हा पुढचा टप्पा होय. तूलूझ येथे झाक प्युएल (१९४९–२००८) यांनी मार्च १९८६ मध्ये मानवी हृद्‌रोहिणीत पहिला स्टेंट बसविला. लोझॅन येथे उलरिख सिग्वार्ट यांनीही त्याच वर्षी असे उपचार सुरू केले. सिग्वार्ट व सहकाऱ्यांचा १९८७ मधील पहिला वृत्तांत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. त्यांनी १९ रुग्णांच्या हृदयात बसविलेल्या २४ स्टेंटांपैकी तीन स्टेंट खराब झालेल्या उपमार्ग-कलमांसाठी होते. म्हणजे कलमांवरील स्टेंट-उपचार हा स्टेंटाच्या जन्मापासूनच त्याच्याबरोबर आहे. नीला-कलमांवरील त्यांचा स्वतंत्र अनुभव १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्माने अर्जेंटिनी असलेले हूल्यो पाल्मास आणि अमेरिकन वैद्य रिचर्ड शॅट्स यांनी विकसित केलेला, फुग्यावर बसवून फुलविण्याचा स्टेंट यानंतर प्रचारात आला.

फुगा श्रेष्ठ की स्टेंट, याचा निवाडा करण्यासाठी ‘सेव्हड’ या नावाची यादृच्छिक चाचणी (रुग्णांची विभागणी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे करून केलेली तुलना) झाली. तीत नीला-कलमे अरुंद झालेले २२० रुग्ण होते आणि निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तात्कालिक यश स्टेंटाने ९२ टक्के व फुग्याने ६९ टक्के रुग्णांत मिळाले. मृत्यू, हृत्स्नायु-अभिकोथ (रक्ताअभावी हृदयाच्या स्नायूचा नाश), पुन्हा उपमार्ग किंवा त्याच जागी पुन्हा उपचार यांपैकी काहीही न घडलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ७३ व ५८ टक्के होते. परंतु सहा महिन्यांनी पुनःसंकोच स्टेंटाच्या गटातही ३७ टक्के आढळला. फुग्याच्या गटात तो ४६ टक्के होता व हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. रक्तस्रावाचे उपद्रव मात्र स्टेंटाच्या गटात १७ टक्के, तर दुसऱ्या गटात ५ टक्के झाले. त्या काळी स्टेंट बुजू नये म्हणून तीव्र रक्तक्लथनरोधी औषधे देत असत, हे त्याचे कारण होय. पुढे इटलीतील कोलोंबो यांच्या १९९५ मधील कार्यामुळे त्यांऐवजी बिंबाणुरोधी (रक्तातील बिंबाणूंना एकत्र चिकटू न देणारी) दोन औषधे जोडीने देण्याची पद्धत रूढ झाली व हा उपद्रव घटला.

अंतर्कीलन व त्यावरील उपाय : भुसभुशीत लेपावर स्टेंट दाबून फुलविला की, लेपाचे कण सुटून प्रवाहाबरोबर पुढे जातात व हृत्स्नायूतील सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. या घटनेस अंतर्कीलन म्हणतात. अशा वेळी वाहिनी चित्रात खुली दिसते, पण तीतून रक्त पुढे सरकत नाही आणि उपचार चालू असतानाच रुग्णास हृद्‌विकाराचा झटका येतो. लेप कापून काढणारी उपकरणेही यावर उपयोगी पडली नाहीत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्यांनी कण सुटण्याचे प्रमाण उलट वाढल्याचे दिसले. बिंबाणूंवर कार्य करणारी शिरेतून देण्याची प्रभावी औषधेही, मूळ रोहिणीत उपयुक्त असूनही, कलमांत गुणकारी ठरली नाहीत. सुटणारा पदार्थ हा केवळ रक्ताची गाठ नसून मेद व मृत पेशी यांचा लगदा असतो, असे यावरून अनुमान निघाले. मग तो लगदा विरघळविण्याऐवजी पकडणे हाच मार्ग उरला.

त्यासाठी अडथळ्याच्या पलीकडे छोटा फुगा फुगवून प्रवाह थांबवावयाचा, स्टेंट बसवावयाचा आणि साचलेले रक्त कणांसह शोषून घ्यावयाचे, अशी युक्ती योजण्यात आली. ‘सेफर’ या ८०१ रुग्णांच्या चाचणीत (२००२) तिच्यामुळे तीस दिवसांतील गंभीर उपद्रव १६·५ टक्क्यांवरून ९·६ टक्क्यांवर आले. प्रवाह न थांबविता कण अडविणारी छत्रीसारखी गाळणीही तितकीच परिणामकारक असल्याचे ६५१ रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत (२००३) दिसले. कलमांवरील उपचारात निर्विवाद लाभ दाखविणाऱ्या थोड्या साधनांपैकी हे एक होय. तरीही पुढील काळातील निरीक्षणांत त्याचा लाभ तितका ठळक न दिसल्याने अमेरिकेतील हृद्‌रोगसंस्थांच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत त्याची शिफारस पूर्वीपेक्षा सौम्य करण्यात आली. वाहिनीच्या भित्तीस पूर्णपणे झाकणारे, कृत्रिम पटल लावलेले स्टेंटही करून पाहण्यात आले परंतु ते साध्या स्टेंटांहून सरस ठरले नाहीत.

औषधवेष्टित स्टेंट : पेशींची वाढ रोखणारे औषध लावलेला स्टेंट साऊँ पाउलू येथे एदुआर्दो सोउसा यांनी डिसेंबर १९९९ मध्ये प्रथम रुग्णास बसविला. मूळ रोहिण्यांतील पुनःसंकोच त्यामुळे बराच घटला. कलमांतही तसेच घडेल, अशी अपेक्षा होती. बेल्जियममधील ७५ रुग्णांच्या चाचणीत (२००६) सहा महिन्यांनंतर पुनःसंकोच ३२·६ टक्क्यांऐवजी १३·६ टक्केच दिसला. मात्र त्याच रुग्णांचा पाठपुरावा सु. ३२ महिने केला असता औषधवेष्टित गटात ११ मृत्यू व साध्या गटात एकही मृत्यू नाही, असे धक्कादायक चित्र २००७ मध्ये पुढे आले. रुग्णसंख्या लहान असल्याने यावरून अंतिम निष्कर्ष काढणे योग्य नव्हते. मोठ्या चाचण्यांत ही भीती खरी ठरली नाही, पण आशाही पुरी झाली नाही.

जर्मनीतील ६१० रुग्णांच्या चाचणीत (२०११) वर्षअखेर मृत्यू, अभिकोथ वा पुनरुपचार यांचे एकत्रित प्रमाण औषधवेष्टित स्टेंटांनी १५ टक्के, तर साध्या स्टेंटांनी २२ टक्के होते. परंतु पाच वर्षांनंतर ते अनुक्रमे ५५·५ व ५३·६ टक्के झाले, म्हणजे आरंभीचा लाभ पूर्णपणे नाहीसा झाला. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत ५९९ रुग्णांवर झालेल्या ‘दिवा’ या चाचणीत (२०१८) पहिल्या वर्षीही विशेष फरक दिसला नाही. उपचार केलेल्या वाहिनीशी निगडित अपयश औषधवेष्टित गटात १७ व साध्या गटात १९ टक्के होते, तर दीर्घ पाठपुराव्यात ते अनुक्रमे ३७ व ३४ टक्के भरले.

या आकड्यांचा अर्थ असा की, स्टेंट एका जागेवर उपचार करतो, पण विकार संपूर्ण कलमाचा असतो. स्टेंटाखालील जागा औषधाने काही काळ खुली राहिली, तरी शेजारचा भाग बिघडत जातो. फारसे अरुंद नसलेले भागही आगाऊ स्टेंट बसवून ‘बंदिस्त’ करावेत, ही कल्पना या विचारातूनच निघाली. ५७ रुग्णांच्या पहिल्या चाचणीत (२००९) ती आशादायक वाटली, पण १२५ रुग्णांच्या पुढील चाचणीत (२०१६) तिचा लाभ सिद्ध झाला नाही.

पुन्हा शस्त्रक्रिया की स्टेंट, कलम की मूळ रोहिणी : अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील ‘ऑसम’ या अभ्यासात (२००२) पूर्वी उपमार्ग झालेल्या, धोका अधिक असलेल्या १४२ रुग्णांची यादृच्छिक तुलना केली गेली. तीन वर्षांनी शस्त्रक्रिया-गटातील ७३ टक्के आणि कॅथेटर-उपचाराच्या गटातील ७६ टक्के रुग्ण हयात होते. प्रमुख रोहिणीस जोडलेले आंतरवक्षीय कलम चालू असेल, तर दुसरी शस्त्रक्रिया शक्यतो टाळावी, हा विचार त्यानंतर बळावला.

त्याबरोबरच आणखी एक प्रश्न उपस्थित झाला. कलम बिघडले म्हणजे कलमच दुरुस्त केले पाहिजे, असे नाही. बुजलेल्या मूळ रोहिणीतून मार्ग काढणेही तंत्रज्ञानाच्या प्रगतीमुळे शक्य झाले आहे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत २००५ ते २०१३ या काळात असे उपचार झालेल्या ११,११८ रुग्णांपैकी सु. ७३ टक्क्यांत मूळ रोहिणीवर व सु. २७ टक्क्यांत कलमावर उपचार झाला. कलमावर उपचार झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. मात्र अशा निरीक्षणात कोणत्या रुग्णास कोणता उपचार द्यावयाचा हे वैद्य ठरवितात आणि ज्यांची मूळ रोहिणी उपचारास अयोग्य, तेच रुग्ण कलम-गटात जातात. त्यामुळे दिसणारा फरक उपचाराचा किती व रुग्णाच्या स्थितीचा किती, हे वेगळे करणे कठीण असते. २०२१ च्या उपर्युक्त सूचनांनी फार बिघडलेल्या कलमापेक्षा शक्य तेथे मूळ रोहिणी निवडणे सयुक्तिक मानले परंतु दीर्घकाळ पूर्णपणे बुजलेली रोहिणी उघडण्यास अधिक वेळ, अधिक किरणोत्सर्ग व विशेष कौशल्य लागते.

भारतात या उपचारास खर्चाचीही बाजू आहे. स्टेंटाची किंमत पुष्कळ रुग्णांच्या आवाक्याबाहेर असे. २०१६ मध्ये स्टेंटांचा समावेश राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत झाला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य प्राधिकरणाने साध्या स्टेंटाची कमाल किंमत ७,२६० रु. व औषधवेष्टित स्टेंटाची २९,६०० रु. (कर वगळून) ठरविली. उपमार्गाचा खर्च एकदा सोसलेल्या कुटुंबास पुन्हा खर्चात पडावे लागते, म्हणून या विषयात किमतीचा प्रश्न गौण नाही.

प्रतिबंध : स्टेंटांच्या चाचण्या चालू असतानाच, कलम मुळात बिघडू नये यासाठीच्या प्रयत्नांना अधिक निश्चित यश आले. १,३५१ रुग्णांच्या एका चाचणीत (१९९७) रक्तातील घातक कोलेस्टेरॉल अधिक प्रमाणात उतरविलेल्यांच्या २७ टक्के कलमांत विकार वाढला, तर मध्यम प्रमाणात उतरविलेल्यांच्या ३९ टक्के कलमांत तो वाढला. ॲस्पिरिनाचा नियमित उपयोग व धूम्रपानाचा त्याग यांचेही महत्त्व प्रस्थापित झाले. स्वीडनमधील अरेब्रू येथे सोझा यांनी १९९० नंतर नीला तिच्या भोवतालच्या मेदासह, तिला न ताणता काढण्याची पद्धत प्रचारात आणली. मनगटाजवळील रोहिणीचे कलम नीला-कलमापेक्षा चांगले राहते व त्यामुळे पुढील हृद्‌घटना कमी होतात, हे सहा चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासाने २०१८ मध्ये दाखविले.

फाव्हालोरो यांनी नीला निवडली ती सहज मिळते म्हणून, आणि त्या निवडीने असंख्य रुग्णांना वर्षानुवर्षांचे आयुष्य दिले. त्याच निवडीने कालांतराने एक नवा विकारही निर्माण केला आणि तो दूर करण्यासाठी फुगा, स्टेंट, गाळणी व औषधी लेप ही साधने एकामागून एक पुढे आली. त्यांपैकी प्रत्येकाने उपचाराचा क्षण अधिक सुरक्षित केला, पण कलमाचे वय कोणालाही मागे नेता आले नाही. उपचाराच्या दिवसाचे यश व दहा वर्षांनंतरचे यश या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि पहिलीवरून दुसरीचे अनुमान करता येत नाही, हे या इतिहासाचे मुख्य फलित होय.